दोघांपुरता बाक

मोतीबिंदूचं शिबिर होतं म्हणून सुनेनं मला त्या बंगल्यावर नेलं. पाटी वाचेपर्यंत मला कळलंच नाही की हाच तो. कौलं जाऊन सिमेंटचं छप्पर आलं होतं, व्हरांड्याला हिरव्या जाळ्या लागल्या होत्या. चिंच मात्र होती तिथंच होती. तिच्या खाली तो बाक. त्याच्यावर एक जोडपं बसलं होतं, बाई पोटुशी, माणसाच्या हातात केळी. तो सोलून तिला देत होता. बघितलं आणि छातीत जळजळ उठली. या वयात! सून म्हणाली, "आई, पित्त झालं का?" मी म्हटलं, "हो बाई, पित्तच."

पित्त कसलं. मत्सर आहे तो, माझ्याबरोबरच म्हातारा झालेला.

केळझरच्या गणपतीची टेकडी त्या व्हरांड्यातून दिसायची, अजूनही दिसते. मी लग्न होऊन या आवारात आले तेव्हा नागपूर ही आमची राजधानी होती आणि मला परकर-पोलकं सुटून फार दिवस झाले नव्हते. आम्ही गोंड. माझं माहेर जंगलात, दोन डोंगर पलीकडे. घरात गोंडी, बाजारात वऱ्हाडी. यांना मात्र लहानपणीच मिशनच्या बोर्डिंगात टाकलेलं, त्यामुळे गोंडी, वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी अशा तिन्ही बोली यांच्या जिभेवर. हे म्हणजे माझे मालक. नाव मी तेव्हाही घेतलं नाही, आता काय घेणार.

बंगल्यात पाद्रीसाहेब राहायचे आणि त्यांची बायको. तिला सगळे मडमबाई म्हणायचे. उंच, हाडकुळी, नाक उन्हानं सोललेलं. पायात पुरुषासारखे बूट. इथं येण्याआधी ती दोघं पुष्कळ वर्षं आफ्रिकेत होती. आफ्रिका म्हणजे नागपूरच्या पुढचं एखादं गाव असावं, असं मी बरेच दिवस समजत होते. मडमबाईच्या खोलीत तिथला एक फोटो टांगलेला असे. भलंमोठं झाड, खाली जमिनीवर आडवा ओंडका, त्यावर एक काळाभोर माणूस आणि त्याची बायको. दोघंही हसत नव्हती. पण माणसाचा हात बायकोच्या पाठीमागून ओंडक्यावर टेकलेला होता. तिला धरलं नव्हतं त्यानं, नुसता टेकला होता. मी केर काढायला गेले की त्या बाईकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, तुझं बरं आहे गं भवाने.

तिकडे मडमबाईचं काम हेच होतं, नवराबायकोची मोडलेली मनं सांधायचं. इकडेही तिनं तेच हाती घेतलं. दारू, मारझोड, माहेरी निघून गेलेल्या बायका, दुसरी आणायला निघालेले नवरे, सगळं आजूबाजूच्या पाड्यांवरून रविवारी तिच्याकडे यायचं. ख्रिस्ती असो नसो. प्रार्थना आटोपली की ती त्यांना चिंचेखाली बसवायची.

त्यासाठी तिनं सेलूच्या सुताराकडून बाक करून घेतला. सागवानी, दोघांपुरता, ना पाठ ना हात. आणि पाय टोकांना न बसवता मधल्या बाजूला, जवळजवळ. सुतार कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, एक जन उठला का दुसरा पडते ना! लोकं मले हसतीन." मडमबाई म्हणाली, "पडू दे." आफ्रिकेतला ओंडका तसाच होता म्हणे. एकजण न सांगता उठला की ओंडका गडगडायचा आणि दुसऱ्याचं बूड मातीत.

म्हणून त्या बाकाचा एकच कायदा होता. उठायच्या आधी शेजारच्याला विचारायचं, "उठू का?" तो हो म्हणाला की दोघांनी मिळून उठायचं.

पहिल्या रविवारी दोन गडी बायकांना आपटून बसले आणि एक बाई नवऱ्याला आपटून बसली. जमलेले लोक पोट धरधरून हसले. त्यानंतर मात्र जो तो विचारायला लागला. घरात बायकोला "ए" म्हणून हाक मारणारे दांडगे पुरुष बाकावर मान खाली घालून "उठू का वं?" म्हणायचे. आमच्याकडे चारचौघांत नवरा बाजेवर आणि बायको खाली भुईवर. बरोबरीनं एका फळीवर बसायचं हीच केवढी गोष्ट! बायका लाजेनं पदर चावायच्या, आणि पुढच्या रविवारी नवं लुगडं नेसून यायच्या.

मी लांबून बघायचे. विहिरीच्या कट्ट्यावर बसून तांदूळ निवडत, सगळं लक्ष तिकडे.

कारण बाकाच्या मागे हे उभे असायचे. मडमबाईची मराठी पुस्तकातली, "आपण आपल्या पत्नीशी गोड भाषण करता काय?" अशी. ती पाड्यावरच्या लोकांना कशी कळणार? आणि त्यांचं रडणं-बोलणं तिला कसं कळणार? मग हे मधे. लोक यांना मडमबाईचं तोंड म्हणायचे. तिनं यांना शिकवून ठेवलं होतं, "ती असं म्हणते" असं सांगायचं नाही, तिच्या जागी आपण आहोत असं समजून बोलायचं. मग फुला नावाची बाई हुंदके देत गोंडीत काही बोलली की हे मऊ आवाजात मडमबाईला सांगायचे, "मी दिवसभर त्याची वाट बघते. तो आला की माझ्याकडे बघतसुद्धा नाही." आणि फुलाचा नवरा दसरू काही पुटपुटला की हे तसंच मऊ म्हणायचे, "तुझ्याशिवाय मला घर खायला उठतं."

हे कोणाच्या तोंडून? माझ्या नवऱ्याच्या! आणि घरी?

घरी मुखस्तंभ. संध्याकाळी खोलीत यायचे, हातपाय धुवायचे, ताटावर बसायचे. भाजी संपली तर ताटाच्या कडेवर बोट वाजवायचे. ते बोट म्हणजे आमच्या संसारातला संवाद. मी काही विचारलं तर म्हणायचे, "थकली वं जीभ." दिवसभर साऱ्या मुलखाच्या बायकांची मनं बोलून थकायची ती जीभ, आणि उरलीसुरली हाडं माझ्या ताटात.

खोटं कशाला बोलू, त्या कामानं लोकांचं भलं झालं. दसरूनं बायकोवर हात टाकणं सोडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माहेरी बसलेल्या किती जणी परत नांदायला आल्या. मडमबाईनं दुपारी समोर बसवून मलाही पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. हे जे मी लिहिते आहे ते तिच्याच अक्षरांत. पण भलं झालं म्हणून जळायचं थोडंच थांबतं?

त्या रविवारांचा वास अजून नाकात आहे. चिंचेची ओली सावली, मडमबाईच्या कॉफीची करपट वाफ, फिनेल, पेटीच्या भात्यातली धूळ. मोहफुलांच्या दिवसांत तर सगळं आवार गोडसर आंबूस वासानं जड व्हायचं आणि साहेब नाकाला रुमाल लावून उपदेश करायचे. तेंदूपानं तोडायच्या दिवसांत कमी लोक यायचे. नाताळात पाड्यावरची माणसं ढोल घेऊन यायची, मडमबाई गुळाचा चहा करून इनॅमलच्या मगांतून वाटायची, आणि ज्यांचं वर्षभरात जमलं त्या जोडप्यांना झेंडूचा एकेक हार मिळायचा, दोघांना मिळून एकच. गळे जवळ आणल्याशिवाय तो घालताच यायचा नाही. फुला आणि दसरूनं घातला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मी विहिरीवर जाऊन घागर इतकी जोरात आपटली की तिला पोचा आला.

फुला मग मुद्दाम माझ्याकडे आली. "काऊन वं, तोंड काऊन फुगोलं?"

"काही नाई."

"तुयं काय वं, तुले तर बोलनारा नवरा भेटला. आमच्यासारखं थोडीच हाय."

मला वाटलं हिच्या झिंज्या धराव्यात. बोलणारा नवरा! तुझ्यासाठी बोलणारा!

मग एकदा माझ्या मनानं घेतलं. या बाकावर बसायला काय लागतं? भांडण लागतं. आमचं भांडण कधी होतच नव्हतं. न बोलणाऱ्याशी भांडणार कसं? जी भांडतात त्यांना हार आणि फळी, आणि मी गुणाची म्हणून विहिरीवर. उफराटा न्याय!

पण एक अडचण होती, आणि ती मला पक्की ठाऊक होती. साहेबांनी यांना कामावर घेताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ज्याच्या घरात तंटा, त्याला बाकामागे उभं राहता येणार नाही. काम गेलं म्हणजे आवारातली खोली गेली, आणि यांना परत जंगलात, कूपात, लाकडं तोडायला जावं लागणार. बोर्डिंगात शिकलेला माणूस, हाताला कुऱ्हाडीची सवय नाही. हे सगळं माहीत असून मी तसं केलं. जळत्या माणसाला पाणी तेवढं दिसतं, वाटेत काय तुडवतो ते नाही.

रविवारी सकाळी मी चूल पेटवली नाही. यांचं ताट अंगणात नेऊन पालथं घातलं आणि त्याच्याशेजारी बसले. प्रार्थनेला जाणारी माणसं थबकली. हे दारात आले, एकदा ताटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"काय करून राह्यली वं तू?"

"भांडून राह्यली."

"कोनासंग?"

"तुमच्यासंग."

"काऊन?"

एवढं त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच सलग विचारलं असेल. मला आतून हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. तोवर कोणीतरी बंगल्यावर बातमी नेली होती.

आणि मग तो बाक. मी डाव्या अंगाला, हे उजव्या. फळी उन्हानं तापलेली होती. यांचा सदरा धुवट, निळीचा वास येणारा. आमच्यात हातभर अंतर, तरी हे श्वास घेत तो फळीतून मला कळे. फुला समोरच्या गर्दीत होती आणि तिचं तोंड उघडं राहिलं होतं. साहेब खुर्ची आणून बसले, कपाळाला आठी. मडमबाईनं यांच्याकडे बघून विचारलं, "आता भाषांतर कोण करील?"

"मीच करतो," हे म्हणाले.

मला वऱ्हाडी येत होती, मडमबाईची मराठीही अर्धीमुर्धी कळत होती. तरी मी मुद्दाम गोंडीत बोलले. म्हणजे माझं बोलणं यांच्या तोंडातून जाणार. मी म्हटलं ते सगळं यांनी तसंच्या तसं सांगितलं, समोर बघत, त्याच मऊ आवाजात.

"मी पहाटे उठते. पाणी आणते, भाकरी थापते. मी वाट बघते. हा माणूस येतो आणि ताटावर बोट वाजवतो."

साहेबांच्या कपाळाची आठी खोल झाली. यांना थोडं सावरून घेता आलं असतं. मधलं एखादं वाक्य गाळलं असतं तरी मी काय अडवणार होते? पण नाही गाळलं, अक्षर गाळलं नाही.

"हा दुसऱ्यांच्या बायकांचं मन बोलतो. माझं मन याच्या तोंडात कधी येत नाही."

इथं यांचा आवाज चिरकला. माझं मन त्यांच्या तोंडात आलं होतं ना! मी शेजारी बसून ऐकत होते, आणि इतके दिवस फुलानं, आणखी कुणीकुणी बसून जे ऐकलं ते हेच होतं हे मला कळलं. अशानं बाई नवं लुगडं नेसून येईल नाहीतर काय करील?

मडमबाई यांना म्हणाली, "आणि आपलं काय म्हणणं आहे?"

चिंचेची पानं पडत राहिली. साहेबांनी खिशातून घड्याळ काढून बघितलं. मग हे माझ्याकडे वळले. माझ्या पाठीमागून हात नेऊन फळीच्या कडेवर टेकवला, मला न लागेल असा, आणि गोंडीत एक वाक्य बोलले. हळू. समोरच्या गर्दीपर्यंत गेलं नाही.

"काय म्हणाले?" मडमबाईनं मला विचारलं. तिचे डोळे चमकत होते. तिला भारी हौस होती ऐकायची.

आता तोंड मी होते. मी सांगितलं असतं तर साहेबांची आठी तिथंच उलगडली असती, काम राहिलं असतं, खोली राहिली असती, नाताळात हारही मिळाला असता. पण ते वाक्य मडमबाईच्या हातात द्यायचं? मग ती ते पुढच्या रविवारी दसरूला शिकवणार, तो फुलाला म्हणणार. आयुष्यात पहिल्यांदा काही माझ्या एकटीच्या वाट्याचं आलं होतं.

"काही नाई म्हणले," मी म्हणाले.

साहेबांनी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "हो," हे म्हणाले, "काही नाही." मग मला विचारलं, "उठू का?" मी हो म्हटलं. आम्ही मिळून उठलो, बाक जरासुद्धा हलला नाही.

काम गेलं. खोली गेली. आम्ही माझ्या माहेराजवळच्या कूपात झोपडी बांधली. यांच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, मग घट्टे पडले. संध्याकाळी अंगाला सागाच्या भुशाचा वास घेऊन यायचे आणि चुलीपाशी बसायचे. दिवसभरात कुणासाठी बोलावं लागलं नव्हतं, त्यामुळे जीभ ताजी असायची. सुरुवातीला कुठल्या झाडावर मधाची किती पोळी दिसली तेवढंच सांगायचे. मग हळूहळू बोर्डिंगातल्या गोष्टी, आईच्या गोष्टी. पश्चात्ताप झाला का म्हणून कोणी विचारेल. नाही झाला. तळव्यांना तेल लावताना वाईट वाटायचं, पण पश्चात्ताप नाही.

मडमबाईकडे मग वर्ध्याचा एक मास्तर बाकामागे उभा राहायला लागला. त्याला गोंडी येत नव्हती. माणसं यायची कमी झाली. साहेब-मडम परत जाणार असं कळलं तेव्हा मी यांना न सांगता भेटायला गेले. साहेब व्हरांड्यात पेट्यांना दोर आवळत होते. मडमबाई चिंचेखाली होती. बाकाच्या बरोबर मधे बसली होती, एकटं बसायचं तर तसंच बसावं लागतं. मला बघून उठली नाही. म्हणाली, "ते काय म्हणाले होते, आता तरी सांगशील?"

मी इकडेतिकडे बघितलं. एवढ्या दिवसांत साहेबांना मी त्या बाकावर कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिचं सोललेलं नाक लाल झालं होतं. ही माझ्यावर जळते आहे, हे मला त्या क्षणी उमगलं, आणि देवा, काय गार वाटलं! तरी नाही सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कॉफीचा रिकामा डबा मला दिला. तो डबा अजून माझ्याकडे आहे, त्यात मी मीठ ठेवते.

शिबिरात माझा नंबर यायला वेळ होता. केळीवालं जोडपं आत गेलं. मी चिंचेखाली गेले. बाक काळा पडला होता पण फळी शाबूत. मी सवयीनं डाव्या टोकाला टेकले आणि बाक असा कलला की पडता पडता वाचले. सून धावत आली. "अवं आई, मधात बसा ना! थांबा, मी बसतो त्या बाजूनं."

"तिकडं नको बसू," मी ओरडले. ती बिचारी दचकली. मी मधे बसले. मडमबाई बसली होती तशीच.

त्यांनी त्या दिवशी काय म्हटलं होतं ते आता सांगते, आता लपवून कोणापासून ठेवू. गोंडीतलं ते वऱ्हाडीत सांगायचं तर, "तुले विचारल्याबिगर मी कधी उठनार नाई."

आणि पाळलं. इतकी वर्षं झोपडीत, नंतर नालवाडीच्या खोलीत, जेवण झालं तरी ताटावरून उठताना विचारायचे, "उठू का?" पोरं हसायची. सेवाग्रामच्या दवाखान्यात शेवटी खाटेवर पडून होते तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसले होते. मला चहा हवा होता. मी विचारलं, "उठू का?" त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. मी कप घेऊन परत आले तर खाट शांत होती.

प्रार्थनेला आलेले लोक म्हणाले, प्रभूनं बोलावलं. असेल. फुला, मडमबाई, फोटोतली ती आफ्रिकेची बाई, सगळ्यांवर जळून झालं माझं, आणि त्या सगळ्यांना मी माफ केलं. पण ज्याची हाक ऐकून हे मला न विचारता उठले, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.